दहापटीचं घडीचं भिंग: पाचपैकी चार हात

साडेसहाशे रुपयांचं भिंग. गेल्या ऑक्टोबरात पणजीला दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, येताना प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या एका दुकानात शिरले आणि घेऊन आले. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे तिच्याबद्दल एक तक्रार येणार आहे आणि ती मी त्यांना थेट कळवलेली आहे. तशी ही भिंगं सगळी एकाच घाटाची असतात. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी लहान काच, धातूच्या पाकळीत घडी होऊन बसणारी, टोकाला दोरी ओवायला भोक. मी ते काळ्या दोरीत ओवून मंगळसूत्राशेजारी घालते. आमच्या वाड्यावर यावरून बरीच करमणूक झाली.

मी एकोणतीस वर्षं पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवलं. ‘कंटकचर्मी’ हा तारामासे, सी-अर्चिन वगैरेंचा प्राणिसंघ दर वर्षी अर्ध्या तासात उरकायचा. फळ्यावर पाच कोनांची आकृती, ‘फक्त समुद्रात आढळतात’ हे वाक्य अधोरेखित, मग कपाटातली बरणी. बरणीतल्या तारामाशाचा एक हात तुटलेला होता. दर वर्षी कुणीतरी विचारायचं, “बाई, हा चारच हातांचा कसा?” मी सांगायची, तुटलाय, पुन्हा येईल. फॉर्मॅलिनमध्ये बुडालेल्याला कसला हात येतोय! राहते मांद्र्याला, समुद्र घरापासून पायी पंधरा मिनिटांवर, आणि जिवंत नलिकापाद, म्हणजे तारामाशाचे नळीसारखे पाय, पहिल्यांदा पाहिले ते बासष्टाव्या वर्षी, या भिंगातून. त्यामुळे माझ्याकडून थंड डोक्याच्या परीक्षणाची अपेक्षा ठेवू नका.

ज्यांना नुसती मोजमापं हवीत त्यांच्यासाठी ती आधी सांगते. भिंग दहापटीचं. आत तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या आहेत, म्हणून वस्तूच्या कडेला निळी-तांबडी किनार दिसत नाही. पुतण्याने ऑनलाइन मागवलेलं दोनशे रुपयांचं, दिव्यावालं, ‘साठ पटीचं’ प्लॅस्टिकचं भिंग शेजारी ठेवून पाहिलं. त्यात मिठाचा खडा इंद्रधनुष्यात बुडाल्यासारखा दिसतो. ह्यात चौकोनी दिसतो, कोपऱ्यांसकट. वस्तूपासून अंतर अडीच सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटं आडवी धरली तर जेमतेम मावतील एवढंच. हे भिंग पेपर वाचायच्या भिंगासारखं लांब धरायचं नसतं. डोळ्याला टेकवायचं आणि वस्तू जवळ आणायची, नाहीतर वस्तू जिथे आहे तिथे आपण वाकायचं. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पहिली खरी परीक्षा नोव्हेंबरात रांपणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर झाली. रांपण ओढून झाली की तारले, बांगडे टोपल्यांत जातात आणि वाळूवर उरतो तो निरुपयोगी ढीग: जेलीफिश, बोटभर खेकडे आणि तारामासे. शेजारच्या रांपणकाराने मी ढिगाशी बसलेली बघून आधी दुर्लक्ष केलं, मग राहवलं नाही.

“बाई, हें कोण खायना.”

“खायला नको रे. पाहायला हवंय.”

आइस्क्रीमच्या पांढऱ्या डब्यात दोन बोटं समुद्राचं पाणी घेतलं आणि त्यात एक तारामासा उलटा ठेवला. (डबा पांढराच घ्या. काळ्या डब्यात काही कळत नाही.) करडा, तळहाताएवढा, कडेने करवतीसारखे काटे. उलटा केल्यावर तोंडापासून प्रत्येक हाताच्या टोकापर्यंत एक चर दिसते. त्या चरीत दोन ओळींत पारदर्शक, ओलसर, हलणारं काहीतरी. भिंग लावलं आणि पहिल्यांदा वाटलं, दुकानदाराने फसवलं. पुस्तकातल्या नलिकापादाला टोकाशी चूषक असतो, वाटीसारखा. मी एकोणतीस वर्षं तसाच काढला. ह्यांना टोक होतं, मोगऱ्याच्या कळीसारखं निमुळतं. घरी येऊन वाचल्यावर समजलं की वाळूत राहणाऱ्या ॲस्ट्रोपेक्टन या घराण्याला चूषक नसतातच. खडकाला धरून बसायचं असेल तर वाटी लागते, वाळूत घुसायचं तर टोक. भिंग बरोबर होतं, फळ्यावरची आकृती अपुरी होती.

हे पाय चालतात कसे, ते पाहत मी बहुधा तासभर बसले. प्रत्येक पायाच्या आतल्या बाजूला एक फुगा असतो, ड्रॉपरच्या रबरासारखा. फुगा आवळला की पाणी पायात उतरतं आणि पाय लांब होतो, पायाचे स्नायू आवळले की पाणी परत फुग्यात. हे सगळं शिकवलं होतं. न शिकवलेली गोष्ट ही की ते एका तालात चालत नाहीत. रांपण ओढणारे ‘हो’ म्हणून एकदम मागे झुकतात, तसं इथे काही नाही. एक पाय पुढे, शेजारचा अजून वळवळतोय, तिसरा भलतीकडेच. तरी अख्खं जनावर सरळ रेषेत डब्याच्या कडेला जातं. त्याला मेंदू नाही. तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं आणि प्रत्येक हातात एक दोरी, एवढ्यावर हा कारभार.

सुलटा केल्यावर पाठीवर, मध्याच्या थोडी बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढी चकती सापडली. नुसत्या डोळ्यांना ती डाग वाटते. भिंगातून तिच्यावर बोटाच्या ठशासारख्या नागमोडी रेघा दिसतात. ही चाळणी. पायांची सगळी नळयोजना इथून समुद्राला जोडलेली. बाकीच्या पाठीवर, जिथे मला नुसता खरखरीतपणा जाणवत होता, तिथे शेकडो बुटके खांब निघाले, प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक काट्यांचा गुच्छ. शेवंतीचा मळा वरून पाहावा तसं. या एका दृश्यासाठी मी साडेसहाशे पुन्हा देईन.

आणखी एक गोष्ट. त्याचं पोट मध्ये फुगलेलं होतं. मी चहा घेऊन आले तोवर डब्यात एक रिकामा, गुळगुळीत शंख पडला होता, मुगाएवढा. तो त्याच्या तोंडातून आला की आधीच पाण्याबरोबर आला होता, याची शपथ मी घेणार नाही. पण या घराण्याला गुदद्वार नसतं. भक्ष्य अख्खं गिळायचं, आतलं मांस पचवायचं आणि शंख आल्या वाटेने तोंडातून बाहेर. चूषकवाले तारामासे वेगळं करतात. ते शिंपला ओढून फट पाडतात आणि आपलं जठरच बाहेर काढून फटीतून आत सोडतात. हे मी वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास ‘शी!’ यायचं. तेवढं एकच वाक्य मुलांच्या लक्षात राहायचं, असं आता बाजारात भेटणारे बापे सांगतात.

फेब्रुवारीत हणजूणच्या खडकांवर गेले. ओहोटी बघून जावं लागतं. वडील सांगायचे तो हिशेब: तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता भरती. द्वितीयेला दोनाचे पाऊणपट दीड, म्हणजे दीडला भरती आणि साधारण साडेसातला ओहोटी. तक्त्यात आमच्याकडची वेळ पाऊण तास अलीकडे निघाली. मी सव्वासहाला हजर होते, बॅटरी, डबा, भिंग आणि नात. नातीला भिंगापेक्षा बॅटरीत रस होता.

खडकांच्या खळग्यांत काळपट जांभळे सी-अर्चिन बसलेले असतात, समुद्रातली साळिंदरंच म्हणा ना. या पूर्ण संघाचं नावच ग्रीकमधल्या हेजहॉग या काटेरी प्राण्यावरून, काट्याच्या कातडीवरून पडलंय. इथे मात्र भिंग सपशेल हरलं. काटे दोन-अडीच सेंटिमीटरचे आणि भिंगाचं अंतरही तेवढंच. काट्याचं टोक स्पष्ट दिसतं, मूळ बघायला गेलं की काच काट्यांवर आपटते. कंपनीने डबीवर ‘निसर्गनिरीक्षणासाठी सर्वोत्तम’ छापलंय, तिथे ‘लांब काट्याचे प्राणी वगळून’ असं जोडायला हवं. काट्यांच्या मधून पाहायचं ते मला आधी रांपणीतल्याच एका आखूड काट्यांच्या सी-अर्चिनवर दिसलं होतं: देठावर बसवलेले तीन जबड्यांचे चिमटे. टाचणीच्या डोक्याहून लहान. पाण्यात केसाचं टोक बुडवून एकाला लावलं, त्याने पकडलं. अंगावर बसू पाहणारी घाण आणि आगंतुक जीव हाकलायला हे चिमटे असतात. मी केस सोडवून घेतला, तेवढ्यात शेजारच्याने धरला.

मेलेल्या सी-अर्चिनचं रिकामं कवच मात्र या भिंगासाठीच बनवलंय. काटे गळून गेलेलं, टेनिसच्या चेंडूपेक्षा लहान, पेढ्यासारखं चपटं कवच मला खडकांच्या मागच्या वाळूत सापडलं. काट्यांची सगळी जागा उंचवट्यांनी दाखवलेली, एकेक उंचवटा म्हणजे उखळीचा सांधा, काटा त्यावर वाटेल तिकडे फिरतो. कवच सूर्याकडे धरून आतून पाहिलं. उजेडाचे ठिपके, दोन-दोनच्या जोड्यांनी, पाच पट्ट्यांमध्ये वरपासून खालपर्यंत. आई रांगोळीसाठी कागदाला उदबत्तीने भोकं पाडायची, अगदी तसे. एकेका जोडीतून एकेक नलिकापाद बाहेर यायचा. माथ्यावर पाच तुकड्यांची फुली, त्यातला एक तुकडा इतर चौघांपेक्षा जाड आणि जाळीदार. तीच चाळणी, तारामाशाच्या पाठीवरची. नातीने ती माझ्या आधी ओळखली आणि दिवसभर त्याचा उल्लेख केला.

खालच्या भोकातून आतला जबडा निघाला. पाच दात, भोवती तुळयांसारख्या तुकड्यांची मांडणी. त्याला ‘ॲरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात, कारण त्याने दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी सी-अर्चिनची तुलना कंदिलाशी केली होती. मी हे नाव परीक्षेत रिकाम्या जागा भरायला दिलेलं आहे. कंदील म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर नेहमी रॉकेलचा. हातात घेतल्यावर दिसला तो दिवाळीचा आकाशकंदील, पाच पाकळ्यांचा, कागद फाटून काड्या उरलेला. दात टोकाशी झिजतात आणि मागून वाढत राहतात. त्यांनी खडकावरचं शेवाळ खरवडायचं, प्रसंगी खडकही.

आता माझा अपराध. एका दगडाखाली ब्रिटल स्टार होता. मधली चकती शर्टाच्या बटणाएवढी आणि पाच लांब, काळे-करडे पट्टे असलेले हात, सापाच्या पिलासारखे वळणारे. तारामासा पायांवर चालतो, हा हातांनी वल्हवतो. भिंगातून हातावरच्या तकट्या एकामागे एक दिसतात, आतली हाडकंही तशीच, पाठीच्या कण्यासारखी. दगड होता तसा परत ठेवायचा हे मला माहीत होतं आणि तो मी ठेवलाही. पण ब्रिटल स्टार डब्यात घेतला. घरी नीट उजेडात बघू म्हणून. मांद्र्याला पोचेपर्यंत साडेदहा वाजले, डब्यातलं पाणी कोमट झालं होतं. त्याला बरं वाटावं म्हणून व्हरांड्यात बसल्या बसल्या मी माठातलं एक भांडं गार पाणी डब्यात ओतलं.

पाच मिनिटं काहीच नाही. मग वळणं थांबली. भिंग लावलं तर काट्यांच्या मधले नलिकापाद आकसून आत गेलेले. मग एका हाताचं टोक सुटलं, मग दुसऱ्याचा अर्धा हात. तोडायला कुणी हात लावला नव्हता. त्याच्या सांध्यांमधली दोरी अशी असते की तो हवी तेव्हा ती कडक करतो, हवी तेव्हा विरघळल्यासारखी सैल. संकटात तो हात सोडून देतो. पण इथे हात घेऊन जाणारं कुणी नव्हतं. नातीने विचारलं, “आजी, तू त्यात काय घातलंस?”

‘फक्त समुद्रात आढळतात.’ एकोणतीस वर्षं मी ते वाक्य अधोरेखित केलं. आज जगात या संघाच्या सुमारे 7,000 जाती आहेत. त्यांतल्या थोड्या मचूळ पाण्यात तग धरतात, पण गोड्या पाण्यात एकही राहत नाही, नदीत नाही, तळ्यात नाही. त्यांना मूत्रपिंडासारखं काही नसतं, अंगातलं पाणी जवळपास समुद्राइतकंच खारट, आणि ते राखायची वेगळी सोय नाही. पावसाळ्यात चापोरा नदी मोरजीला लाल पाणी घेऊन उतरते तेव्हा त्या बाजूला एकही तारामासा का दिसत नाही, हे मला तेव्हा नीट कळलं. भिंग त्या दिवशी निर्दोष चाललं. म्हणून हे परीक्षणात येतंय. त्यानंतर जे बघायचं ते तिथेच खळग्याशी बसून बघते आणि तिथेच सोडते.

समुद्रकाकडीबद्दल थोडक्यात. काळी, वाटीत ठेवलेल्या वांग्यासारखी, खळग्यात पडलेली. भिंगातून तोंडाभोवतीच्या झुपकेदार शुंडा दिसल्या आणि दुसऱ्या टोकाचं भोक उघड-मीट करताना दिसलं. ती तिथून श्वास घेते, त्याच दाराने. तिच्या कातडीत चुन्याचे सूक्ष्म तुकडे असतात, बटणांसारखे, टेबलांसारखे, आणि त्यांवरून जात ओळखतात. ते दहापटीत दिसत नाहीत. त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. हात लावू नका, उचलू तर अजिबात नका. छेडलं तर ती आतडी बाहेर टाकते. शिवाय 2001 साली तिला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं गेलं, वाळवून परदेशी पाठवण्याचा धंदा फार झाला होता म्हणून.

या प्राणिसंघाचा पाचवा वर्ग म्हणजे पिसांसारख्या हातांचे तारे आणि देठावरच्या समुद्रलिली. ते काही किनाऱ्यावर बसून या भिंगाला मिळाले नाहीत. बुडी मारणाऱ्यांनी बघावेत.

सँड डॉलर मला केरीला मिळाला. तो खरं तर सी-अर्चिनच, वाळूत राहून चपटा झालेला. त्याच्या पाठीवरचं पाच पाकळ्यांचं फूल शोभेसाठी नसतं. पाकळ्यांच्या कडेच्या चिरांतून निघणारे नलिकापाद पाय नसून कल्ले असतात. जिवंत असताना तो मखमलीसारखा दिसतो आणि भिंगातून ती मखमल म्हणजे आखूड काटे, वाऱ्याने शेत हलावं तसे लाटेने हलणारे. किनाऱ्यावरच्या दुकानांत मिळतो तो पांढरा, ब्लीच केलेला. त्यात ह्यातलं काही नाही.

भिंगाची मर्यादा आणखी एके ठिकाणी खटकली. या सगळ्यांची पिल्लं पाचकोनी नसतात. तुमच्या-माझ्यासारखी, डावी बाजू आणि उजवी बाजू असलेली, पारदर्शक, पाण्यात तरंगणारी. 1882 मध्ये मेसिना येथे मेच्निकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या असल्या पिल्लांना बागेतले काटे टोचले. घरची मंडळी सर्कशीला गेली होती, हा एकटाच घरी. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती पेशी जमलेल्या दिसल्या. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे कळण्याची सुरुवात तिथली, आणि 1908 चं नोबेल त्यातूनच. मी समुद्राचं पाणी आणून भिंगाखाली धरलं. धूळ दिसली.

पुतण्या एकदा म्हणाला, “काकी, तुमच्या तारामाशाला धड नसतं म्हणे, नुसतं डोकं.” मला वाटलं, हाही फॉरवर्डच असणार. पण खरं निघालं. 2023 च्या नोव्हेंबरात ‘नेचर’मध्ये आलंय: इतर प्राण्यांत डोकं घडवणारी जनुकं तारामाशाच्या पाचही हातांत कामाला लागलेली आणि धडाची जवळजवळ गैरहजर. म्हणजे माझ्या बरणीत एकोणतीस वर्षं एक डोकं होतं, थोडं तुटलेलं.

आता तक्रार. पाकळी जिथे फिरते तिथला स्क्रू पोलादी आहे. डिसेंबरात तो गंजला, जानेवारीत पाकळी अडकू लागली, मार्चमध्ये भिंग अर्धवट उघड्या अवस्थेत कायमचं थांबलं. खाऱ्या हवेत राहणाऱ्यांना नवल नाही, पण साडेसहाशे घेऊन पितळी किंवा स्टेनलेसचा स्क्रू न घालणं हे काटकसरीच्या पलीकडचं आहे. कंपनीला लिहिलं. उत्तर आलं: ‘कृपया उपकरण ओलाव्यापासून दूर ठेवावे.’ मी समुद्रातल्या प्राण्यांसाठी घेतलंय, असं परत लिहिलं. त्याला उत्तर नाही.

म्हापशाला बाजारात एक घड्याळजी बसतो. त्याने तीस रुपयांत पितळी स्क्रू बसवून दिला, तेलाचा थेंब सोडला आणि भिंग चालतंय का पाहायला समोर काही हवं म्हणाला. पर्समध्ये सी-अर्चिनचा तुटका काटा होता, तो दिला. गिऱ्हाईक खोळंबून उभं असताना तो काटा फिरवत राहिला.

“बाई, ह्याच्यावर उभ्या रेघा आहेत. कुणी कोरल्यात?”

मी सांगायला सुरुवात केली. पेडण्याची बस त्या दिवशी सुटली.